आकडा ९८, तरी माटोळीची यादी आठवेना

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आधी दोन दिवस माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांच्या छताचं सामान जमवायचं, हे गोव्यातल्या आमच्या सावईवेऱ्याच्या घरचं ठरलेलं काम. मामाने पडवीत बसून नावं सांगायची आणि पोरांनी कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, आणि पलीकडच्या रानात धावायचं. कांगलां, फागलां, कवंडाळ, आंबाडे, सुपारीचा घोस... चाळीसच्या वर नावं तो कागद न घेता म्हणायचा, आणि कुठलं फळ कुठल्या बांधाच्या कडेला सापडेल तेही सांगायचा. गेल्या वर्षी तो सातव्या नावावर थांबला. पहिल्यापासून म्हणून पाहिलं, तर पुन्हा तिथेच अडला. उजव्या हाताच्या बोटाला कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखा तो रक्तातला ऑक्सिजन दाखवणारा ऑक्सिमीटर लावलेला होता. अतिदक्षता विभागातून घरी येऊन दीड महिना झाला होता, पण बोट मोकळं ठेवायची त्याला भीती वाटायची. आकडा होता ९८.

"बाय, हे तर अठ्ठ्याण्णव दाखवतंय," तो म्हणाला. "मग माझं डोकं कुठे राहिलं?"

मी डॉक्टर नाही, फोंड्याला हायस्कुलात विज्ञान शिकवते. पण मामाच्या न्यूमोनियात आम्ही एकोणीस दिवस अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर काढले, त्यातले अकरा दिवस तो व्हेंटिलेटरवर होता. तेव्हापासून जे वाचलं आणि डॉक्टरांना विचारून विचारून जे समजून घेतलं, ते इथे मांडते. कारण हा प्रश्न एकट्या मामाचा नाही. घरी भेटायला येणाऱ्यांचे दोन तट होते. एक म्हणायचा, "एवढा ऑक्सिजन ओतला, मेंदू सुकणारच." दुसरा म्हणायचा, "ऑक्सिजन वेळेवर पुरेसा दिला नाही, म्हणून असं झालं." दोघंही तितक्याच ठामपणे बोलायचे.

आधी तो आकडा म्हणजे काय ते पाहू. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारातून माणसं नेणाऱ्या चार सीटच्या टॅक्सी डोळ्यांसमोर आणा. रक्तातला हिमोग्लोबिनचा प्रत्येक रेणू ही अशी एक टॅक्सी, आणि त्यात ऑक्सिजनचे चार रेणू बसतात. फुप्फुस हा स्टँड. बोटावरचं यंत्र सांगतं ते एवढंच, की शंभरातल्या किती सीट भरल्या आहेत. स्टँडवर प्रवासी किती उभे आहेत ते त्याला दिसत नाही. ते कळायला मनगटाच्या धमनीतून रक्त काढून ऑक्सिजनचा दाब मोजावा लागतो. अतिदक्षता विभागात पुन्हा पुन्हा सुई टोचतात ती याचसाठी.

दाब साधारण ६० मिलिमीटर (पाऱ्याचा) असला की ९० टक्के सीट भरलेल्या असतात. १०० ला ९७-९८ टक्के. त्यापुढे दाब २०० करा, ५०० करा, आकडा शंभरावरच अडकतो, कारण सीटच उरलेल्या नसतात. जास्तीचा ऑक्सिजन रक्ताच्या पाण्यात विरघळतो तो अगदी थोडा. शंभर मिलिलिटर रक्तात हिमोग्लोबिन वीसेक मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेतं. दाब ५०० वर नेला तरी विरघळलेला ऑक्सिजन दीड मिलिलिटरच भरतो. म्हणजे आकडा १०० असताना नळी आणखी सोडली तर पेशींना फारसं काही मिळत नाही. फुप्फुसाला मात्र तो सगळा भार सोसावा लागतो, आणि बोटावरचं यंत्र त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

हे मी मामीला सांगितलं तेव्हा तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर गोव्यात कुणालाही ओळखू येईल. कोविडच्या लाटेत, ११ मे २०२१ ला पहाटे दोन ते सहा या चार तासांत बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, २६ रुग्ण दगावल्याचं खुद्द आरोग्यमंत्र्यांनी सांगितलं होतं. ऑक्सिजनच्या पुरवठ्याचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेला होता. ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांना "आता ऑक्सिजन कमी करतोय" हे वाक्य धमकीसारखं वाटतं. मामाच्या वेळी एका रात्री नर्सने येऊन तेच सांगितलं आणि मामी दाराला धरून खालीच बसली. नर्सने सांगितलं ते बरोबर होतं. कमी का करतोय हे मात्र कुणी सांगितलं नाही, आणि त्या रुग्णालयाबद्दल माझी तक्रार असलीच तर एवढीच.

ऑक्सिजन हे औषध आहे, आणि औषधाला मात्रा असते. स्कॉटिश पॅथॉलॉजिस्ट जेम्स लॉरेन स्मिथ यांनी १८९९ मध्येच दाखवलं होतं की वाढीव दाबाच्या ऑक्सिजनात ठेवलेल्या प्राण्यांच्या फुप्फुसांना सूज येते. शुद्ध ऑक्सिजनात पेशींमध्ये मुक्त मूलकं (फ्री रॅडिकल्स, शेजारच्या कशावरही तुटून पडणारे रेणू) जास्त तयार होतात आणि ती फुप्फुसाचं नाजूक अस्तर पोळतात. दुसरा त्रास मला जास्त मजेशीर वाटतो. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो आणि तो रक्तात फारसा शिरत नाही, म्हणून वायुकोशात बसून राहतो आणि त्यांना आतून उघडं ठेवतो. नायट्रोजन काढून नुसता ऑक्सिजन भरला की रक्त तो शोषून घेतं, आत काहीच उरत नाही आणि वायुकोश मिटतात. ज्याला आपण बिनकामाचा वायू समजतो, तो तिथे छताला टेकू देत असतो.

जास्त ऑक्सिजनचा दूरवरचा परिणाम सर्वांत क्रूरपणे दिसला तो तान्ह्या मुलांत. १९४० नंतर अपुऱ्या दिवसांच्या बाळांना काचेच्या पेटीत भरपूर ऑक्सिजन देऊ लागले. बाळं गुलाबी दिसत, सगळे खूश. पुढे त्यांतली अंदाजे दहा हजार मुलं जगभरात आंधळी झाली. ऑस्ट्रेलियातल्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी १९५१ मध्ये ऑक्सिजनकडे बोट दाखवलं आणि १९५३-५४ च्या अमेरिकी चाचणीत ते पक्कं झालं. मग लंबक उलटा गेला. ऑक्सिजन इतका आखडता घेतला की डोळे वाचले, पण काही बाळं जिवाला मुकली. अलीकडच्या चाचण्यांतही तोच पेच दिसला. सॅच्युरेशन, म्हणजे भरलेल्या सीटचं प्रमाण, ८५ ते ८९ टक्के ठेवलं तर डोळ्यांचा आजार कमी, पण मृत्यू जास्त. ९१ ते ९५ ठेवलं तर नेमकं उलट.

आता मोठ्या माणसांकडे येऊ. अतिदक्षता विभागातल्या रुग्णाला सढळ हाताने द्यावा की मोजून, हे ठरवायला गेल्या दहा वर्षांत मोठमोठ्या चाचण्या झाल्या. सुरुवात इटलीतल्या मोदेना शहरातल्या एका अतिदक्षता विभागात झाली. ४८० रुग्ण, निकाल २०१६ मध्ये आला. मोजून ऑक्सिजन मिळालेल्यांत मृत्यू ११.६ टक्के, नेहमीच्या पद्धतीत २०.२ टक्के. हा फरक थक्क करणारा होता. पण मध्येच तिथे भूकंप झाला आणि चाचणी ठरल्याआधी आटोपती घ्यावी लागली. अर्ध्यावर थांबलेल्या चाचणीत फायदा फुगून दिसण्याचा धोका असतो. मी वर्गात सांगते तसं, नाणं दहाच वेळा उडवलं तर आठदा छापा पडूही शकतो.

मग मोठ्या चाचण्या आल्या आणि तो फरक विरघळत गेला. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या हजार रुग्णांच्या चाचणीत सहा महिन्यांनंतरचे मृत्यू ३५.७ विरुद्ध ३४.५ टक्के, म्हणजे जवळपास सारखे. डेन्मार्कच्या पुढाकाराने युरोपात २,९२८ रुग्णांवर चाचणी झाली. एका गटात रक्तातला दाब ६० वर, दुसऱ्यात ९० वर ठेवला. नव्वद दिवसांनंतर ४२.९ विरुद्ध ४२.४ टक्के. ब्रिटनच्या ९७ अतिदक्षता विभागांतल्या १६,५०० रुग्णांचा निकाल २०२५ मध्ये आला. सॅच्युरेशन ९० च्या आसपास ठेवलेल्यांत ३५.४ टक्के मृत्यू, नेहमीच्या पद्धतीत ३४.९.

फ्रान्समधल्या एका चाचणीने मात्र खालच्या टोकाची जाणीव करून दिली. तिथे एआरडीएसचे, म्हणजे फुप्फुसं पाण्याने भरून घट्ट झालेले रुग्ण होते, आणि दाब ५५ ते ७० इतका खाली ठेवला होता. त्या गटात पाच जणांच्या आतड्यांचा रक्तपुरवठा तुटला, नव्वद दिवसांतले मृत्यूही जास्त दिसू लागले, आणि २०५ रुग्णांनंतर चाचणी थांबवली गेली. म्हणून "कमी तेवढं बरं" असंही कुणी समजू नये.

हे झालं जगण्या-मरण्याचं. मामाचा प्रश्न वेगळा होता. जगला त्याचं डोकं, पाय, फुप्फुस यांचं पुढे काय?

इथे एक जुना धागा सापडतो. २०१२ मध्ये अमेरिकेत एआरडीएसमधून वाचलेल्यांची वर्षभराने तपासणी केली. आजारात ज्यांच्या रक्तातला ऑक्सिजनचा दाब कमी होता, त्यांच्यात स्मरणशक्ती आणि विचारशक्तीची अडचण जास्त दिसली. अडचण असलेल्यांचा मधला आकडा ७१, नसलेल्यांचा ८६. हे वाचून मला रात्रभर झोप आली नव्हती, कारण मामाच्या कागदांवर साठीतले आकडे मी पाहिले होते. पण हा संबंध आहे, कारण असेलच असं नाही. ज्याचा आजार जास्त गंभीर, त्याचा ऑक्सिजनही कमी आणि त्याचा मेंदूही जास्त होरपळलेला. दोन्ही गोष्टी एकाच मुळातून आलेल्या असू शकतात.

ते तपासायचा सरळ मार्ग म्हणजे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे आणि वाचलेल्यांना पुन्हा गाठायचं. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडवाल्यांनी सहा महिन्यांनी लोकांना गाठून स्मृती, दैनंदिन जीवन यांची विचारपूस केली. दोन्ही गट सारखेच निघाले. युरोपच्या चाचणीतल्यांना वर्षभराने गाठलं. जगण्याचं प्रमाण आणि जीवनमान, दोन्हींत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. म्हणजे ९० पासून वरच्या नव्वदीपर्यंतच्या पट्ट्यात आकडा कुठे ठेवला होता, यावरून माणूस पुढे कसा होईल ते ठरत नाही. भेटायला येणाऱ्या दोन्ही तटांना मी हेच सांगितलं. दोघांनाही आवडलं नाही.

मग बिघडतं कशाने? माझ्या समजुतीप्रमाणे खरा लेख इथून सुरू होतो.

एक म्हणजे अंथरूण. लंडनमध्ये अतिदक्षता विभागातल्या रुग्णांच्या मांडीचा स्नायू अल्ट्रासाउंडने मोजला, तेव्हा दहा दिवसांत त्याच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ सुमारे १८ टक्के घटलेलं दिसलं. दहाच दिवसांत! मामाला उभं केलं तेव्हा त्याची मांडी माझ्या दंडाएवढी झाली होती. सुपारी उतरवायला ज्या पायांनी तो झाडावर चढायचा, तेच हे पाय यावर माझा विश्वास बसत नव्हता. कॅनडात एआरडीएसमधून वाचलेल्या १०९ जणांचा पाच वर्षं पाठपुरावा केला, आणि त्यातला विरोधाभास लक्षात ठेवण्यासारखा आहे. पाच वर्षांनी फुप्फुसांच्या चाचण्या जवळपास ठीक आल्या होत्या. तरी सहा मिनिटांत ते साधारण ४३६ मीटर चालत, अपेक्षेच्या तीन चतुर्थांश. म्हणजे दम लागतो तो छातीत जाणवतो, पण त्याचं मूळ पुष्कळदा मांडीत असतं. घरचे मात्र दम लागला की नळीच शोधतात.

दुसरा आहे भ्रम. व्हेंटिलेटर काढल्यावर चार दिवस मामाला वाटत होतं की आपण दिवाडीच्या फेरीबोटीत आहोत आणि बोट पैलतीराला लागतच नाही. मॉनिटरचा आवाज त्याला बोटीच्या इंजिनाचा वाटायचा. तो मला विचारायचा, "गाडी उतरवली का गो?" आम्हाला वाटलं, औषधाची गुंगी असेल. हा अतिदक्षता विभागातला नेहमीचा गोंधळ आहे, डॉक्टर त्याला डेलिरियम म्हणतात. अमेरिकेत ८२१ रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांनी तपासलेल्यांपैकी ४० टक्के लोकांचे स्मृती-विचाराचे गुण डोक्याला मध्यम मार लागलेल्या माणसाइतके खाली होते आणि २६ टक्के लोकांचे सौम्य अल्झायमर झालेल्यांइतके. वर्षाने हेच आकडे ३४ आणि २४ वर आले. ज्यांचा भ्रम जास्त दिवस टिकला, त्यांचे गुण जास्त घसरले. तरुणही यातून सुटले नव्हते. या सगळ्याला एकत्र नाव मिळालं ते २०१२ मध्ये: अतिदक्षतेनंतरचा लक्षणसमूह. स्नायूंची दुबळाई, डोक्याचा गोंधळ, आणि मनाला बसलेला धक्का, म्हणजे झोप उडणं, भीती, उदासी. मामाच्या डिस्चार्जच्या कागदावर यातलं एक अक्षर नव्हतं. गोळ्यांची नावं अकरा होती.

सातवं नाव न आठवण्यामागे बहुधा हीच कारणं होती. नेमकं कुठलं किती, हे कुणीच सांगू शकणार नाही.

घरी भाड्याने आणलेल्या कॉन्सन्ट्रेटरबद्दलही सांगायला हवं. ते यंत्र ऑक्सिजन बनवत नाही. खोलीतलीच हवा खेचून झिओलाइटच्या खड्यांत नायट्रोजन अडवतं आणि ९० टक्क्यांच्या वरचा ऑक्सिजन नळीत सोडतं. तो कायम लावावा का? जुनाट सीओपीडीत, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजारात, रक्तातला ऑक्सिजनचा दाब ५५ किंवा त्याखाली असेल, तर दिवसाला किमान पंधरा तास ऑक्सिजन घेतल्याने आयुष्य वाढतं, हे १९८०-८१ च्या दोन चाचण्यांनी दाखवलं. पण घसरण मध्यमच असलेल्या ७३८ रुग्णांच्या २०१६ च्या चाचणीत घरच्या ऑक्सिजनचा काही फायदा दिसला नाही. मामासारख्या तात्पुरत्या आजारातून उठलेल्याला गरज बहुधा काही आठवड्यांचीच असते. म्हणून दोन-तीन महिन्यांत पुन्हा तपासून यंत्र ठेवायचं की परत करायचं ते ठरवावं असा दंडक आहे. परत कधी बोलवलं ते कुणी सांगत नाही, तेव्हा आपणच विचारायचं. आणि स्वतःच्या मनाने बंदही करायचं नाही.

बसून ९८ असलेला आकडा चालताना कुठे जातो, ते पाहणं जास्त कामाचं. मामा पडवीपासून पाटाच्या कडेच्या पहिल्या माडापर्यंत जाऊन यायचा आणि मी आकडा लिहायची. ८८ किंवा त्याखाली घसरला तर डॉक्टरांना फोन, असं ठरलं होतं. एकदा ८६ दिसला आणि घरात धावपळ झाली. बोट थंडगार होतं, चोळून गरम केल्यावर ९४. सावळ्या कातडीवर हे यंत्र कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं, हेही २०२० मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांवर दिसून आलं आहे. आकडा चांगला आणि माणूस मात्र निळसर, घाबरलेला, वाक्य पुरं करता येत नसलेला, असं असेल तर माणसाकडे बघावं.

मामीला मी सगळ्यात आधी बजावलं ते समईबद्दल. कॉन्सन्ट्रेटर देवघराच्या भिंतीला लावून ठेवला होता, कारण प्लग तिथेच. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण जळणाऱ्याला भडकवतो. नळी लावलेल्या माणसाने आरतीला वाकायचं नाही, उदबत्ती, चूल, विडी यांच्याजवळ जायचं नाही, नाक कोरडं पडलं तर व्हॅसलिन लावायचं नाही, पाण्यावर बनवलेलं मलम लावायचं. मामा आरतीला मागे खुर्चीवर बसला आणि अख्ख्या आरतीभर माझ्यावर डोळे वटारत होता. पावसात आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून एक लहान सिलिंडर जोडीला ठेवला होता.

फिजिओने दिलेला व्यायाम साधा होता: खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, दिवसातून तीनदा, आधी पाच वेळा, मग दहा. जेवणात पेजेबरोबर अंडं आणि मासळी वाढवली. डोक्यासाठी मी त्याला सुपारीचा हिशोब लिहायला बसवायची. पहिल्या महिन्यात बेरीज चुकली की तो वही फेकायचा. ते पाहून मामी म्हणाली, "माणूस बदलला." डॉक्टरांनी समजावलं की चिडचिडही आजाराचाच भाग आहे. त्यानंतर ती वही उचलून पुन्हा त्याच्यापुढे ठेवू लागली.

यंत्र अडीच महिन्यांनी परत केलं. ऑक्सिमीटर मामीने तांदळाच्या पिंपामागे लपवलाय आणि मामाला ते ठाऊक आहे. झाडावर तो अजून चढत नाही, चढू देणारही नाही. यंदा चवथीच्या आधी पडवीत बसून त्याने म्हटलेली नावं मी मोजली. एकतीस झाली. बत्तिसाव्याला अडला, थोडा वेळ कुळागराकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "ते रे... पिवळं, कडू, पाटाच्या पलीकडचं." पोरं ते घेऊन आली.